माती झाल्यावर

सोलापुरात अंत्यविधीला ‘माती’ म्हणतात. मातीला जाऊन आलेला माणूस दारातच पायांवर पाणी घेतो आणि आपल्या कामाला लागतो. साधं मरण असेल तर पुढचं सगळं ठरलेलं असतं. राख कधी सावडायची, भाकरी कुणाच्या घरून येणार, दहाव्याला कोण बसणार हे कुणी कुणाला विचारत नाही. आत्महत्येने माणूस गेला की ही घडी विस्कटते. पोलीस येतात, माती लांबते, भेटायला आलेले दबक्या आवाजात बोलतात आणि लवकर उठतात.

माझा धाकटा भाऊ असा गेला त्याला नऊ वर्षं झाली. अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात तो यंत्रमागावर जॉबर होता. पुढे काय काय वाढून ठेवलंय हे ठाऊक असलेलं एक जरी माणूस तेव्हा आमच्या घरात असतं, तर आईचे निम्मे हाल वाचले असते. पुढे ओळखीच्या चार घरांत मी ते माणूस होऊन गेले. त्या घरातल्यांना पहिले काही दिवस समोरचं अक्षरही दिसत नाही, म्हणून हे लिहिलंय ते चुलतभावासाठी, शेजारणीसाठी, मावशीसाठी, कारखान्यातल्या मित्रासाठी. बातमी कळल्यावर तुम्ही निघालात की वाटेत हे वाचा.

पोचल्यावर आधी

दोन माणसं ठरवा. एक बाहेरचं बघेल, म्हणजे पोलीस, दवाखाना, गाडी, स्मशानभूमी. दुसरं घरात बसेल आणि उठणार नाही. बाहेरच्या माणसाने एक वही घ्यावी. कुठल्या ठाण्याचे अंमलदार आले, त्यांचं नाव काय, नोंदीचा नंबर काय, कोणता कागद कुणाकडे दिला, हे त्यात वेळेसकट लिहावं. आमच्याकडे अशी वही नव्हती. दोन महिन्यांनी विम्याच्या कचेरीत नोंदीचा नंबर मागितला, तेव्हा वडील तीन वेळा ठाण्याच्या पायऱ्या चढले.

जिथे घडलं तिथलं काही हलवू नका, पुसू नका. चिठ्ठी असेल तर लपवू नका, फाडू नका. भीतीपोटी घरची माणसं नेमकं हेच करतात आणि पुढे संशय ओढवून घेतात. चिठ्ठी पोलीस ताब्यात घेणारच, त्याआधी घरच्यांसाठी एक फोटो काढून ठेवा. तो फोटो घरातच राहू दे. गल्लीतल्या कुणीही मोबाईल वर केला तर हात जोडून खाली करायला लावा. त्या दिवसाचा फोटो एकदा गटागटांवर फिरला की परत आणता येत नाही, आणि मुलं मोठी झाल्यावर तो त्यांच्यासमोर येतो.

सिव्हिलमध्ये

शहरातलं असो की तालुक्यातून आणलेलं, बहुतेकदा गाडी शेवटी सिव्हिललाच येते, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात. इथलं काम कसं चालतं हे माहीत असलं की वाट बघणं थोडं सोसतं.

पोलीस ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद करतात. हा घरावरचा गुन्हा नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे अशा प्रत्येक मृत्यूची चौकशी करावीच लागते. आईच्या कानात हे पहिल्या तासातच सांगा, कारण ‘पोलीस केस झाली’ या तीन शब्दांनीच ती खचते. मग दोन किंवा अधिक पंचांसमोर मरणोत्तर पंचनामा होतो, नात्यातलं कुणी ओळख पटवतं आणि नंतर शवविच्छेदन होतं. त्याला पैसे पडत नाहीत. संध्याकाळ झाली असेल तर सकाळपर्यंत थांबावं लागेल असं धरूनच चाला. आत्महत्येच्या प्रकरणात शवविच्छेदन सहसा दिवसाउजेडीच करतात. त्या रात्री घरच्यांना आवारात बसवून ठेवू नका. दोघं तिथे थांबा, बाकीच्यांना घरी पाठवा.

लग्नाला सात वर्षं झालेली नसलेली बाई गेली असेल तर चौकशीत दंडाधिकारी येतात, बहुधा तहसीलदार. अशा वेळी माहेरचे आणि सासरचे दवाखान्याच्या आवारातच भिडतात. दोन्हीकडच्यांना लांब बसवा. माहेरच्यांना तक्रार द्यायची असेल तर तो त्यांचा हक्क आहे. ती लेखी द्यावी, आवारात ओरडून नव्हे.

जबाब देताना तीन गोष्टी सांभाळा. कोऱ्या कागदावर सही नको. लिहिलेलं वाचून घ्या किंवा वाचून दाखवायला सांगा; घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणारी म्हातारी असेल तर तिच्या भाषेत कुणीतरी समजावून सांगा. आणि बायकांना, साठीपुढच्या पुरुषांना, पंधरा वर्षांखालच्या मुलांना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं. हे नम्रपणे सांगितलं की बहुतेक अंमलदार ऐकतात.

‘व्हिसेरा राखून ठेवला’ असं डॉक्टर म्हणाले तर घाबरू नका. तपासणीसाठी नमुने प्रयोगशाळेत जातात, अहवालाला वेळ लागतो, विम्याचं काम तेवढं लांबतं. वहीत लिहून ठेवा.

बॉडी ताब्यात मिळाली की शेवटचं पाहायचं का, हा प्रश्न येतो. लोक बायकांना परस्पर सांगतात, तुम्ही नका बघू. त्यांना विचारा. आधी तुम्ही बघा, चेहरा पुसून घ्या, चादर नीट करा, मग काय दिसेल ते शब्दात सांगा आणि तिचं तिला ठरवू द्या. माझ्या आईला कुणी विचारलं नाही. ती आजही म्हणते, मी त्याचा हात तरी धरला असता.

मुलांना

हे काम पुढे ढकलू नका. ‘पप्पा गावाला गेले’, ‘झोपलेत’, ‘देवाने नेलं’ यातलं काहीच नको. पप्पा झोपेत गेले असं ऐकलेलं पोर रात्री झोपायला घाबरतं. आणि गल्ली खरं सांगतेच, वाईट शब्दांत, शाळेच्या वाटेवर.

मुलाच्या सगळ्यात जवळचं जे माणूस असेल त्याने त्याला मांडीजवळ घेऊन, थोडक्या शब्दांत सांगावं. मी एका आठ वर्षांच्या मुलीला तिच्या आईसोबत बसून जे सांगितलं ते असं होतं: ‘पप्पा आता परत येणार नाहीत, ते वारले. त्यांच्या मनाला खूप मोठा आजार झाला होता. त्या आजारात माणसाला वाटायला लागतं की काहीच बरं होणार नाही. त्यातच त्यांनी स्वतःचा जीव संपवला. तुझ्यामुळे नाही. तू दप्तर आवरलं नाहीस म्हणून नाही, तू रडलीस म्हणून नाही. मम्मी आहे, आजी आहे, उद्या वेणी आजी घालेल.’ कसं केलं हे सांगायची गरज नाही. ती थोडा वेळ गप्प बसली आणि तिने विचारलं, ‘मग गुरुवारी शाळेत कोण सोडणार?’ लहान मुलांचं दुःख असंच येतं, मध्येच खेळायला पळतं आणि परत येऊन तोच प्रश्न विचारतं. प्रत्येक वेळी तेच उत्तर द्या. उत्तर बदललं की पोराला कळतं.

मोठ्या मुलांशी वेगळं बोला. पंधरा-सोळाचा मुलगा असेल तर ‘आता तूच घरातला कर्ता’ हे वाक्य कुणालाही बोलू देऊ नका. शाळा चार-आठ दिवसांत सुरू करा, त्याआधी वर्गशिक्षकांना भेटून या.

दहा दिवस

चहा, भाकरी, पिठलं, शेंगाची चटणी शेजारून येईलच. यायचं थांबलं तर तुम्ही जाऊन सांगा, अशा घरी डबा द्यायला लोक बिचकतात. जेवा म्हणून आग्रह नको, ताट समोर ठेवून शेजारी जेवायला बसा. झोपेसाठी मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका, डॉक्टरांना विचारा. आलेल्या पुरुषांनी दुःख विसरायला बाटली आणली तर ती दारातूनच परत जाऊ दे.

बायकोच्या बांगड्या आणि मंगळसूत्राचा प्रश्न कुणी बोलायच्या आत मिटवून टाका. आपल्याच जिल्ह्यातल्या करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांनी या चालींविरुद्ध मोहीम काढली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात बाकीच्या गावांनाही तोच कित्ता गिरवायला सांगितलं. जमलेल्या बायकांतल्या सगळ्यात वयस्क बाईला आधीच बाजूला घेऊन हे सांगा. तिने ‘असू दे’ म्हटलं की बाकीच्या गप्प बसतात.

मग दहावा. ज्यांच्यात पिंड ठेवतात त्यांच्यासाठी हा दिवस सगळ्यात कठीण. पिंडाला कावळा शिवेपर्यंत सगळे लांब उभे असतात आणि कावळा आला नाही तर नजरा एकाच माणसाकडे वळतात. त्याची इच्छा राहिली, कुणीतरी काहीतरी केलंय. आमच्याकडे पाऊण तास कावळा आला नाही. भावजय तेवढा पाऊण तास खाली मान घालून उभी होती. म्हणून गुरुजींना आदल्या दिवशीच सांगून ठेवा की दहा मिनिटं बघू, नाही आला तर दर्भाचा कावळा शिववून पुढचं करा. शास्त्रात ती सोय आहे, आणि त्या भागात कावळे किती उरलेत हे गुरुजींनाही ठाऊक आहे.

अकाली मरण म्हणून त्र्यंबकेश्वरला नारायणबळी करायला कुणी सुचवेल. मन शांत होणार असेल आणि गाठीशी पैसे असतील तर जरूर करा, पण त्यासाठी उसने घेऊ नका. गती मिळणार नाही असं कुणी म्हटलं तर त्याला सांगा, भाद्रपद वद्य चतुर्दशीची तिथी शस्त्राने, अपघाताने, अकाली गेलेल्यांच्या श्राद्धासाठीच ठेवलेली आहे.

‘का’

येणारा प्रत्येकजण हेच विचारतो. कर्ज होतं का, घरात काही झालं होतं का, कोणाचं काही होतं का. दहाव्यांदा उत्तर देताना घरचं माणूस स्वतःच्याच विरुद्ध साक्षीदार होऊन बसतं. दाराजवळ बसलेल्याने इथे मध्ये पडायचं. ‘ते आता नको, पाणी घ्या,’ एवढं पुरे. सांत्वनाला वेगळे शब्द लागत नाहीत. ‘आम्हाला तो फार आवडायचा’ म्हणावं आणि बसावं.

सरकारी नोंदीत प्रत्येक मरणापुढे कारणाचा एक रकाना असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्यांची नोंद आहे, सगळ्या राज्यांत जास्त, आणि देशभरात सगळ्यात मोठा रकाना ‘कौटुंबिक समस्या’ हा आहे. हा रकाना वाचून सून गुन्हेगार ठरते, सासू ठरते, परीक्षेच्या आदल्या रात्री रागावलेला बाप ठरतो. पण भांडण प्रत्येक घरात होतं. भांडणाच्या मागे कित्येक महिन्यांचं नैराश्य, दारू, देणं, न सांगितलेला आजार असतो आणि घरच्यांना त्यातला एखादाच धागा दिसलेला असतो. माझ्या भावाने आदल्या दिवशी फोन केला होता. मी ‘भाकऱ्या करतेय, नंतर बोलू’ म्हटलं. नऊ वर्षं हे वाक्य माझ्याजवळ आहे. अशी वाक्यं प्रत्येकाजवळ असतात. ती बोलून दाखवली तर ‘असं नको म्हणू’ म्हणून तोंड बंद करू नका, पूर्ण ऐका. राग आला तरी ऐका. गेलेल्याचा राग येतोच, आणि तो बोलायची सोय घरात कुणाजवळ तरी हवी. आजारी माणूस बरेच दिवस अंथरुणाला खिळून सुटावा तशी सुटका झाल्यासारखंही कुणाला वाटतं, त्याचीही लाज वाटू देऊ नका.

शब्दांचंही बघा. ‘जीव दिला’, ‘मूर्खपणा केला’, ‘पळपुटा’ असं त्या घरात नको. ‘तो आत्महत्येने गेला’ म्हणा. मानसिक आरोग्य सेवा कायद्याने २०१७ मध्ये मानलं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली असतो आणि त्याला शिक्षेपेक्षा उपचार हवेत. कायदा तिथवर आलाय, आपली भाषा मागे आहे.

कागद

तेराव्यानंतर लगेच हाती घ्या. कुणाला यात पैशाची घाई वाटली तरी वाटू द्या. वेळ गेली की नुकसान याच घराचं.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, शहरात महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात, गावात ग्रामपंचायतीत. नावाची अक्षरं आधारकार्डाप्रमाणे आहेत का ते तिथेच तपासा. दाखल्याच्या आठ-दहा प्रती घ्या. पोलिसांकडून खबर, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालाच्या प्रती अर्ज करून मिळवा.

‘आत्महत्येला विमा नसतो’ हे आम्हाला एका कचेरीतल्या माणसाने टेबलावरूनच सांगितलं होतं आणि वडील उठून आले होते. ते खरं नव्हतं. जीवनविम्यात पॉलिसी सुरू झाल्यापासून किंवा बंद पडलेली पुन्हा चालू केल्यापासून १२ महिन्यांच्या आत असं घडलं तर भरलेल्या हप्त्यांच्या किमान ८० टक्के मिळतात, त्यानंतर घडलं तर पूर्ण विमा. पासबुक उघडून मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये वजा झालेत का पाहा. झाले असतील तर ती पंतप्रधान जीवन ज्योती योजना, २ लाखांची, आणि सुरुवातीचे ३० दिवस उलटले असतील तर आत्महत्येलाही ती लागू आहे. २० रुपयांची सुरक्षा विमा योजना आणि शेतकऱ्यांची गोपीनाथ मुंडे योजना अपघाताच्या आहेत, त्यांत मिळणार नाही. प्रॉव्हिडंट फंड कापला जात असेल तर फंडाबरोबर कुटुंबाचं पेन्शन आणि ७ लाखांपर्यंतचा ठेवसंलग्न विमा असतो. यात मृत्यूचं कारण आडवं येत नाही. विडी कामगार बायकांचाही फंड असतो. कित्येक घरांत ते कार्ड ट्रंकेच्या तळाशी पडून असतं.

शेतकरी असेल तर तहसील कचेरीत लगेच लेखी कळवा. शासनाची मदत १ लाखाची, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. पण जिल्हाधिकाऱ्यांची समिती आधी पात्र की अपात्र ठरवते. जमीन कुटुंबाच्या नावावर आहे का, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का, वसुलीचा तगादा होता का, हे बघतात. म्हणून नोटिसा आणि पासबुकं जपून ठेवा. अपात्रचा शेरा आला तर कारण लेखी मागा. ज्या बाईच्या नावावर जमीन नाही पण जन्म शेतात गेला, ती बऱ्याचदा शेतकरी म्हणून मोजलीच जात नाही, हा मोठा अन्याय आहे. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत द्या आणि त्यात तिचं नाव आलंय का ते डोळ्यांनी पाहा.

विधवेला संजय गांधी निराधार योजना, मुलांना बालसंगोपन योजनेचे महिना २,२५० रुपये मिळू शकतात. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बाईला उत्पन्न न विचारता मोफत देतं, फोन १५१००.

घेणेकरी येतील. वारसाला मिळालेल्या मालमत्तेपुरतंच देणं लागतं; बायको जामीन किंवा सहकर्जदार नसेल तर तिच्या खिशातून नाही. तिला नवी सही करू देऊ नका, चेक देऊ देऊ नका. गटाच्या किंवा फायनान्सच्या कर्जाला विमा होता का, हे आधी विचारा, बऱ्याचदा असतो. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. विनापरवाना सावकार दारात बसला तर तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार द्या, २०१४ चा सावकारी कायदा त्यासाठीच आहे.

सव्वा महिन्यानंतर

पाहुणे जातात आणि घर खऱ्या अर्थाने रिकामं होतं. इथून पुढे तुमची गरज जास्त. ज्या घरात एक आत्महत्या झाली तिथल्या माणसांना स्वतःलाच धोका वाढतो, म्हणून लक्ष ठेवा. ‘मलाही त्याच्याकडे जायचंय’ असं कुणी म्हणालं, वस्तू वाटायला लागलं, जेवण-झोप सुटली, तर सरळ विचारा: ‘आत्महत्येचा विचार मनात येतो का?’ विचारल्याने मनात नसलेलं मनात येत नाही. उत्तर हो आलं तर एकटं सोडू नका, घरातली औषधं-फवारणीची रसायनं बाहेर काढा आणि १४४१६ ला फोन लावा. ही टेलिमानसची सरकारी सेवा, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं, तेलुगू-कन्नडमधूनही. तातडी असेल तर ११२. सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे, पहिल्या वेळी तुम्ही सोबत जा.

घरापुरतंच पाहू नका. ज्युली सेरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात एका आत्महत्येमागे त्या माणसाला ओळखणारे सुमारे १३५ जण असतात असं दिसलं. भावाच्या शेजारच्या मागावरचा मुलगा वर्षभर त्याच्या जागेकडे बघत नव्हता. त्याला कुणीच विचारलं नाही. मलाही सुचलं नाही.

पहिली संक्रांत येईल, गड्ड्याच्या जत्रेची गर्दी सुरू होईल, नंदीध्वज निघतील. त्या दिवशी त्या घरी जा. तिथे गेलेल्याचं नाव घ्यायला कचरू नका. वर्ष उलटलं की त्याचं नाव घेणारं माणूस मिळणं हीच त्या आईची भूक असते.

आणि एक राहिलं. पोलीस मोबाईल परत देतात, प्लास्टिकच्या पिशवीत, बंद पडलेला. तो चार्ज करा आणि सिमचं रिचार्ज काही महिने चालू ठेवा. हप्त्यांचे, विम्याचे, बँकेचे संदेश त्यावरच येतात आणि कुठे काय आहे ते कळतं. मग शांतपणे बसून त्याचे आवाजी निरोप दुसऱ्या फोनवर उतरवून घ्या. आईला आज ऐकवू नका, तिने मागितल्यावर द्या. आमच्या आईने चौथ्या वर्षी मागितले. त्यातल्या एकात तो फक्त म्हणतोय, ‘आई, आज उशीर होईल, मागाची दोरी तुटलीय, तू जेवून घे.’ ती तो कधीतरी दुपारी लावते आणि जेवून घेते.